फिल्टरवर ६, १२, २४ लिहिलेलं असतं, त्याचं करायचं काय?

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, आता घरच्याच एका खोलीत अहिराणी गाणी तयार होतात. लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी), एक माईक आणि भिंतीला लावलेल्या गोधड्या एवढ्यावर पोरं खरंच चांगलं काम करतात, फिल्टरचा कटऑफ, म्हणजे आवाज कुठून कापायचा ती फ्रिक्वेन्सी, तिचा नॉब फिरवणं तर सगळ्यांना येतं. पण त्या नॉबच्या शेजारी एक छोटा आकडा असतो, ६, १२, १८, २४, कधी ४८, त्याला मात्र कोणी हात लावत नाही, प्लगइन (आवाजावर काम करणारं छोटं सॉफ्टवेअर) उघडलं तेव्हा जो होता तोच शेवटपर्यंत राहतो. तो आकडा म्हणजे फिल्टरचा स्लोप, आणि माझं मत असं की आवाज जितका कटऑफ ठरवतो तितकाच हा आकडा ठरवतो, म्हणून सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूर तयार करणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर), ईक्यू (आवाजातल्या खालच्या-वरच्या फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) किंवा डीजेचा क्रॉसओव्हर (आवाज वेगवेगळ्या स्पीकरमध्ये वाटणारा भाग) यातलं काहीही शिकत असाल तर हे एकदा नीट समजून घ्या, एका दुपारचं काम आहे.

आधी आकड्याचा अर्थ

ऑक्टेव्ह म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट होणं किंवा निम्मी होणं, १०० हर्ट्झवरून २०० हा एक ऑक्टेव्ह आणि १००० वरून २००० हाही एकच. लो-पास फिल्टर खालचं जाऊ देतो आणि वरचं कमी करतो, हाय-पास त्याच्या उलट. आता लो-पास वरचं किती वेगाने कमी करतो ते डीबी-पर-ऑक्टेव्हमध्ये सांगतात, डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाची पातळी सांगायचं माप. स्लोप ६ असेल तर दर ऑक्टेव्हला आवाजाच्या लाटेची उंची निम्मी होते, १२ असेल तर पाव, १८ ला आठवा भाग, आणि २४ ला सोळावा भाग. कन्नडहून चाळीसगावकडे येताना घाट कुठे सुरू होतो हे एक झालं आणि तो किती उभा आहे हे वेगळं, तसा कटऑफ म्हणजे सुरुवात आणि स्लोप म्हणजे उभेपणा, आणि घाटासारखीच इथेही सुरुवात एकदम कडेलोटाने होत नाही, रस्ता आधीपासूनच थोडा झुकायला लागलेला असतो.

हे झुकणं नवीन माणसाला कोणी सांगत नाही म्हणून आकड्यात सांगतो. ६ डीबीचा लो-पास १००० हर्ट्झवर लावला तर ५०० वरच सुमारे १ डीबी कमी झालेला असतो, १००० वर ३ डीबी, २००० वर ७, ४००० वर १२.३ आणि ८००० वर १८.१. म्हणजे कटऑफवर काहीच कापलं जात नाही आणि त्याच्या पुढे सगळं गायब होतं असं जे डोक्यात चित्र असतं ते काढून टाका, आणि ६ चा उतार पूर्ण ६ चा व्हायला कटऑफपासून थोडं लांब जावं लागतं हेही लक्षात ठेवा.

पोल म्हणजे काय

हे सर्किटवरून सगळ्यात लवकर कळतं. एक रेझिस्टर आणि त्याच्यापुढे ग्राउंडकडे जाणारा एक कॅपेसिटर, झाला एक पोलचा लो-पास. रिपेअरिंगच्या दुकानात १० के चा रेझिस्टर आणि १०४ लिहिलेला कॅपेसिटर सहज मिळतो, १०४ म्हणजे १०० नॅनोफॅरड, या जोडीचा कटऑफ येतो १५९ हर्ट्झ. सूत्र सोपं आहे: १ भागिले (२ × पाय × रेझिस्टन्स × कपॅसिटन्स). कॅपेसिटर छोटा केला की कटऑफ वर जातो.

एक पोल म्हणजे ६ डीबी. दोन म्हणजे १२, तीन म्हणजे १८, चार म्हणजे २४, आठ म्हणजे ४८. त्यामुळे कोणी टू-पोल फिल्टर म्हणालं काय आणि १२ डीबी म्हणालं काय, लो-पास आणि हाय-पासच्या बाबतीत एकच गोष्ट.

गणिताकडून बघायचं असेल तर फिल्टर म्हणजे एक अपूर्णांक असतो, अंश आणि छेद दोन्ही फ्रिक्वेन्सीवर अवलंबून. छेद जिथे शून्य होतो ती जागा म्हणजे पोल आणि अंश जिथे शून्य होतो ती झिरो. नुसत्या लो-पासमध्ये पोलच मोजले तरी पुरतं, नॉच (एक अरुंद पट्टी कापून टाकणारा) किंवा बेल (एका पट्टीला उचलणारा किंवा दाबणारा) आलं की झिरोही लागतात. सॉफ्टवेअरमध्ये कॅपेसिटर नसतो, तिथे त्याचं काम मागच्या सॅम्पलची आठवण करते: मागचं आउटपुट घ्या, नवीन इनपुट त्यापासून किती लांब आहे ते काढा, त्या फरकाचा थोडासा भाग मागच्या आउटपुटमध्ये मिळवा, हेच नवीन आउटपुट. एवढ्या एका ओळीत एक पोलचा फिल्टर तयार होतो, प्रोग्रामिंग येत असेल तर आजच लिहून बघा.

प्रत्येक पोल आणखी एक काम करतो आणि ते डोळ्याला दिसत नाही, तो फेज, म्हणजे लाटेची वेळेतली जागा, फिरवतो. लो-पासमध्ये एक पोल कटऑफवर ४५ अंश मागे ढकलतो आणि खूप वर गेल्यावर ९० अंश. चार पोल असतील तर कटऑफवर १८० अंश. हे आत्ता फक्त ध्यानात ठेवा, पुढे रेझोनन्सला (कटऑफजवळच्या सुराला जोर देण्याला), ईक्यूला आणि क्रॉसओव्हरला, तिन्ही ठिकाणी हेच लागणार आहे.

आता स्वतः मोजा

डीएडब्ल्यूमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) एका ट्रॅकवर व्हाइट नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच असलेला खळखळाट) टाका, त्यावर ईक्यूचा लो-पास, आणि त्याच्या खाली स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. व्होक्सेंगोचं स्पॅन फुकट आहे आणि चांगलं आहे, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये स्लोप नावाचा एक पर्याय असतो जो मुळातच ४.५ वर ठेवलेला असतो, म्हणजे अ‍ॅनालायझर चित्र मुद्दाम वर झुकवून दाखवतो, तो ० करा नाहीतर सगळी मापं चुकतील. अ‍ॅव्हरेजिंग वाढवा म्हणजे रेघ नाचणार नाही. कटऑफ १००० ठेवा आणि २००० वर, ४००० वर किती पडलं ते वाचा, मग स्लोप ६ वरून १२, १२ वरून २४ करत जा.

रीपर हे डीएडब्ल्यू वापरत असाल तर त्याच्यासोबत येणाऱ्या रीईक्यूमध्ये लो-पास आणि हाय-पास १२ डीबीचे असतात, त्यामुळे २४ पाहिजे असेल तर एकाच फ्रिक्वेन्सीला दोन बँड लावायचे. एफएल स्टुडिओच्या पॅरामेट्रिक ईक्यू २ मध्ये डीबीचा आकडा न देता स्टीप आणि जेंटल अशी नावं आहेत, तिथे तर ही नॉइजची चाचणी करूनच कळेल की कोणतं किती कापतं.

असे दोन बँड एकावर एक लावले की एक गोष्ट दिसेल, कटऑफवर आता ३ नाही तर ६ डीबी पडलेले असतात. साहजिक आहे, दोघांनी तीन-तीन कापले. इथूनच पुढचा मुद्दा निघतो की २४ डीबीचे सगळे फिल्टर सारखे नसतात. स्टीफन बटरवर्थ या इंग्लिश इंजिनिअरने १९३० मध्ये दाखवलेल्या पद्धतीत पोल अशा जागी बसवतात की खालचा भाग जास्तीत जास्त सपाट राहतो आणि पोल कितीही असोत कटऑफवर ३ डीबीच पडतात. उलट एकसारखे चार पोल नुसते एकामागे एक जोडले तर कटऑफवरच १२ डीबी जातात आणि एक ऑक्टेव्ह वर २८. म्हणून एका प्लगइनमधला १००० आणि २४ दुसऱ्या प्लगइनमध्ये जसाच्या तसा टाकला तर आवाज वेगळा येतो. आकडा कॉपी करू नका, कानाने जुळवा.

सिंथमध्ये काय होतं

व्हायटल किंवा सर्ज एक्सटी हे सिंथ घ्या, दोन्ही फुकट आहेत, दोन्हीत १२ आणि २४ निवडता येतात. एक सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लाट) घ्या, ११० हर्ट्झचा ए वाजवा, कटऑफ ४४० ला ठेवा, रेझोनन्स शून्य. सॉ वेव्हचे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे वरचे सूर) मुळातच दर ऑक्टेव्हला ६ डीबीने कमी होत जातात, म्हणजे ८८० वरचा आठवा हार्मोनिक फिल्टर नसतानाही मूळ सुरापेक्षा १८ डीबी खाली असतो. १२ चा फिल्टर लावला की तो साधारण ३० खाली जातो, २४ चा लावला की ४२ च्या आसपास. ३० खालचा हार्मोनिक अजून ऐकू येतो, सुराला एक धार देतो, ४२ खालचा जवळजवळ गेला. म्हणून १२ चा आवाज उघडा, थोडा खरखरीत, हवेशीर लागतो आणि २४ चा बंद, जाड, गोल.

आता फिल्टर एन्व्हलप (सूर वाजताना कटऑफ आपोआप हलवणारा भाग) लावा, कटऑफ वरून खाली पटकन येऊ द्या आणि तेच १२ आणि २४ वर ऐका. २४ मध्ये ती उघडझाप स्पष्ट कळते, प्लक (तार छेडल्यासारखा तुटक सूर) टोकदार होतो, बेसला धक्का येतो. १२ मध्ये हालचाल सौम्य होते. माझी पसंती अशी आहे की हळदीच्या गाण्यातला बेस किंवा डान्सचा प्लक असेल तर २४, पण हार्मोनियमसारखा भरलेला पॅड (लांब चालणारा सूर), स्ट्रिंग्स किंवा पावरीच्या जवळ जाणारा वाऱ्याचा सूर पाहिजे असेल तर १२, कारण तिथे वरचे हार्मोनिक मेले की सूर कोंदट होतो आणि मग आपण ईक्यूने ट्रेबल वाढवत बसतो.

जुनी यंत्रं ऐकलीत तर हा फरक जास्त पटेल. रॉबर्ट मूग यांना लॅडर फिल्टरचं (शिडीसारखे टप्पे असलेल्या फिल्टरचं) पेटंट १९६९ मध्ये मिळालं, चार पोल, २४ डीबी, तोच फिल्टर १९७० च्या मिनीमूगमध्ये आहे. टॉम ओबरहाइम यांच्या १९७४ च्या एसईएम या सिंथमध्ये १२ डीबीचा, आणि त्यातून लो-पास, हाय-पास, बँड-पास (फक्त मधली पट्टी जाऊ देणारा), नॉच सगळं निघतं. कॉर्गच्या १९७८ च्या एमएस-२० मध्ये हाय-पास ६ चा आणि लो-पास १२ चा, तरी तो किती आक्रमक वाजतो ते ऐका, म्हणजे कमी पोल म्हणजे मऊ असं सरसकट धरू नये, रेझोनन्स आणि डिस्टॉर्शनचाही तेवढाच हात असतो. रोलँडच्या टीबी-३०३ या बेस सिंथला लोक वर्षानुवर्षं १८ डीबीचा म्हणत आलेत, पण त्याच्या डायोड लॅडरमध्ये टप्पे चार आहेत, ते टप्पे एकमेकांवर ओझं टाकतात त्यामुळे पोल एका जागी न राहता विखुरतात आणि कटऑफच्या जवळचा उतार २४ पेक्षा सौम्य लागतो. मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्राला सोबत घेऊन राग रेकॉर्ड केले, आपल्या सुरांवर हा फिल्टर कसा बसतो हे ऐकायचं असेल तर त्यांच्याइतका चांगला नमुना नाही.

बँड-पासला एक गोष्ट फसवते. दोन पोलचा बँड-पास असेल तर एक पोल खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला वाटला जातो, म्हणजे दोन्हीकडे ६-६ डीबी. त्यामुळे मेनूमध्ये १२ लिहिलंय तरी बँड-पास इतका सैल का लागतो असं वाटलं तर फिल्टरमध्ये बिघाड नाही, गणितच तसं आहे.

रेझोनन्स

एका पोलला रेझोनन्स देता येत नाही, किमान दोन पाहिजेत. चार पोलच्या लॅडरमध्ये आउटपुट उलटं करून परत इनपुटला देतात. आता तो फेजचा हिशोब आठवा: कटऑफवर चार पोलनी मिळून १८० अंश फिरवले, फीडबॅकने उलटं केलं म्हणजे आणखी १८०, एकूण ३६०, म्हणजे परत आलेला सूर मूळ सुराशी बरोबर जुळतो आणि त्या एकाच फ्रिक्वेन्सीला जोर येतो. तिथे फिल्टरने आवाज पाव केलेला असतो, त्यामुळे फीडबॅक चौपट केला की तोटा भरून निघतो आणि फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवायला लागतो. की-ट्रॅकिंग (वाजवलेल्या सुराबरोबर कटऑफ हलणं) पूर्ण ठेवलं तर त्या शिट्टीवर चाल वाजवता येते, शुद्ध साइन वेव्हच्या जवळचा सूर असतो.

पण याच फीडबॅकमुळे खालचा बेस पडतो, कारण तिथे फेज फिरलेली नसते आणि उलटं केलेलं सिग्नल मूळ सिग्नलमधून वजा होतं. फीडबॅक चौपट असताना खालचा आवाज पाचवा भाग राहतो, म्हणजे सुमारे १४ डीबी गेले. बेस पॅचमध्ये रेझोनन्स वाढवला आणि दम गेला असं होतं ते यामुळे. उपाय सरळ आहे, एक साइनचा सब-ऑसिलेटर (खालचा सूर देणारा वेगळा स्रोत) फिल्टरला बायपास करून थेट आउटपुटला द्या. काही सिंथमध्ये बेसची भरपाई आतच केलेली असते, पण सब वेगळा ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

ईक्यूमध्ये कुठे किती

इथे माझं म्हणणं स्पष्ट आहे, सुरुवात नेहमी ६ किंवा १२ ने करा, २४ च्या वर जायचं तर कारण पाहिजे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, कूलर बंद करून गायक उभा राहू शकत नाही, मग व्होकलमध्ये कूलरची घरघर येते. भुसावळात रूळाजवळ राहत असाल तर गाडीची खालची थरथर वेगळी. सगळ्यांचा पहिला हात जातो हाय-पासवर आणि तिथे ४८ लावतात, हे किती उपयोगाचं ते हिशोबाने बघू. पुरुषाचा आवाज आहे, ८० हर्ट्झला बटरवर्थ हाय-पास लावला. ५० हर्ट्झवर १२ चा स्लोप सुमारे ९ डीबी कमी करतो, २४ चा १६ च्या वर. ठीक आहे, फायदा झाला. पण मोटरची घरघर ५० पेक्षा १०० हर्ट्झवर जास्त असते, विजेच्या दुप्पट. बाईचा आवाज आहे म्हणून हाय-पास १२० ला नेला तर १०० हर्ट्झवर १२ चा स्लोप ५ डीबी कापतो आणि २४ चा जेमतेम ७. दुप्पट पोल टाकून दोन डीबी मिळाले! कारण १०० आणि १२० एकमेकांना इतके जवळ आहेत की उताराला पडायला जागाच नाही. अशा वेळी हाय-पास १२ वर राहू द्या आणि १०० वर एक अरुंद बेल कट लावा, लागला तर २०० वरही. आणि खरं तर टेकपुरता कूलर बंद करणं याच्यासारखा फिल्टर नाही, चार ओळी घ्या, कूलर लावा, परत चार ओळी.

बेलचं नाव निघालं म्हणून सांगतो, बेलला आणि नॉचला स्लोपचा आकडा नसतो, तिथे क्यू बघायचा, क्यू जास्त म्हणजे अरुंद. शेल्फला स्लोप असतो पण तो ठरावीक डीबीनंतर थांबून सपाट होतो.

उभ्या स्लोपची किंमत फेजमध्ये मोजावी लागते. ढोल किंवा संबळ दोन माईकने घेतला आणि फक्त एकाच माईकवर ४० हर्ट्झचा २४ डीबी हाय-पास लावला, तर कटऑफवर त्या ट्रॅकची फेज १८० अंश फिरलेली असते, दोन्ही एकत्र केले की तिथला आवाज वाढायच्या ऐवजी खाल्ला जातो. दोन्ही माईकवर एकसारखाच फिल्टर लावा किंवा दोन्ही एका बसमध्ये (ट्रॅक एकत्र येतात त्या वाटेत) घालून बसवर लावा. दुसरं म्हणजे मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या शेवटच्या वाटेवर) उभा हाय-पास लावला की काही कमी केलं असूनही पीक, म्हणजे लाटेचं सगळ्यात उंच टोक, वाढलेलं दिसू शकतं, फेज फिरल्यामुळे लाटेचा आकार बदलतो, म्हणून लिमिटर (अशी टोकं दाबणारं साधन) नेहमी त्याच्यानंतर ठेवा. लिनिअर-फेज मोडमध्ये फेजचा हा त्रास जातो पण उभ्या स्लोपवर ढोलाच्या ठोक्याच्या आधीच एक हलकी झणझण ऐकू येऊ शकते, ठेक्याच्या वाद्यांवर मी तो मोड वापरू नका असंच सांगेन.

वरातीच्या सिस्टीमवर

सब (खालच्या आवाजाचे स्पीकर) आणि टॉप (वरच्या आवाजाचे) वेगळे करणारा क्रॉसओव्हर म्हणजे एक लो-पास आणि एक हाय-पास, कटऑफ एकच. इथे मात्र उभा स्लोपच बरा. टॉपमधल्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या (बारीक, वरचा आवाज काढणाऱ्या भागाच्या) डेटाशीटवर किमान क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी आणि किमान स्लोप दोन्ही लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका, लग्नसराईत ड्रायव्हर उडाला की रात्री ११ वाजता कुठे मिळणार.

डीएसपीमध्ये (सिस्टीममधला आवाज वाटणाऱ्या डिजिटल यंत्रात) बटरवर्थ आणि लिंकविट्झ-रायली असे पर्याय दिसतील. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांची ही पद्धत, १९७६ मध्ये छापून आली, तिच्यात दोन बटरवर्थ एकामागे एक लावतात, म्हणजे आपण रीईक्यूमध्ये जे केलं तेच. दोन्ही बाजू क्रॉसओव्हरवर ६ डीबी खाली, दोन्ही एका फेजमध्ये, बेरीज बरोबर सपाट. सब-टॉपसाठी १०० हर्ट्झच्या आसपास लिंकविट्झ-रायली २४ ही चांगली सुरुवात आहे. १२ चा निवडला तर सब आणि टॉप क्रॉसओव्हरवर एकमेकांच्या १८० अंश उलटे येतात, मग एका बाजूची पोलॅरिटी (लाटेची वर-खालची दिशा) उलटी करावीच लागते, नाहीतर जिथे दणका पाहिजे तिथेच खड्डा पडतो.

तपासायचं असं. मैदानात सिस्टीम लावून झाली की गाणं सुरू करायच्या आधी क्रॉसओव्हरच्याच फ्रिक्वेन्सीची साइन वेव्ह हळू आवाजात चालू करा, एक जण दहा-पंधरा मीटर पुढे उभा राहू दे, दुसऱ्याने डीएसपीवर सबची पोलॅरिटी आलटून पालटून बघावी. ज्या बाजूला आवाज मोठा ती ठेवा. दोन्हीकडे फरकच पडत नसेल तर सब आणि टॉपच्या अंतरामुळे फेज अधेमध्ये अडकलीय, ज्या बॉक्सचा आवाज आधी पोचतो त्याला एक-एक मिलिसेकंद डिले (उशीर) देत जा, पोलॅरिटी उलटी केल्यावर आवाज सगळ्यात जास्त पडतो ती जागा सापडली की पोलॅरिटी परत सरळ करा आणि डिले तिथेच लॉक करा.